२८ वर्षांची मैना

नीट सांभाळला तर घोडा २५ ते ३० वर्षं जगतो. हे सांगितलं की बहुतेक लोक चकित होतात. कुत्रं बारा-चौदा वर्षांत जातं, बैल पंधराच्या आगेमागे थकतो, हे घराघरांतून पाहिलेलं असतं. म्हातारा घोडा मात्र कुणी पाहिलेला नसतो. वरातीत नाचणारा घोडा तरणाताठा असतो, टांग्याला जुंपलेला मधल्या वयाचा असतो, आणि त्यानंतर तो कुठं जातो हे विचारायची आपल्याला सवय नाही. उत्तर फारसं चांगलं नाही. काम होईना की तो विकला जातो, घेणारा त्याला आणखी हलक्या भावात पुढं देतो, असं करत करत एखाद्या वीटभट्टीवर पोचतो आणि तिथून पुढं त्याचं वय कुणी मोजत नाही.

म्हणूनच नागपुरातल्या आमच्या जुनी शुक्रवारीतल्या मैनेबद्दल मला लिहायचं आहे. मैना २८ वर्षांची आहे. आमच्या वाड्याच्या मागच्या बोळात राहणाऱ्या टांगेवाल्या काकांची ती घोडी. टांगा आता नाही, पण बोळात काकांना आजही सगळे टांगेवालेच म्हणतात. मैना त्यांच्याकडे आली तेव्हा चार वर्षांची होती. म्हणजे काकांच्या मुलाची दहावी, मुलीचं लग्न, पत्र्याच्या घराचं स्लॅबचं घर होणं, नातवंडं, सगळं तिच्या डोळ्यांदेखत झालं. थोडंथोडकं तिच्या पायांवरच झालं, असं काका म्हणतात.

देशात घोडेच कमी होत चालले आहेत. २०१२ च्या पशुगणनेत सव्वासहा लाखांच्या आसपास घोडे आणि तट्टू होते. २०१९ मध्ये ते साडेतीन लाखांच्याही खाली आले. सात वर्षांत जवळजवळ निम्मे. नागपुरात तर हे आकडे न पाहताही कळतं. स्टेशनच्या बाहेर, इतवारीत, महाल भागात टांग्यांच्या रांगा लागायच्या, आणि ज्या बोळांमध्ये सकाळी लिदीचा नि ओल्या गवताचा वास असायचा तिथं आता चार्जिंगच्या वायरी लोंबतात. अशा वेळी एक घोडी २८ वर्षांची होते ही गोष्ट मला मोठी वाटते, आणि ती मोठ्यानं सांगावीशी वाटते.

पाहणाऱ्याला ती पांढरी वाटते. काकांच्या घरात देव्हाऱ्याच्या बाजूला २००१ सालचा एक फोटो आहे. त्यात काका टांग्यावर बसलेत आणि पुढं जुंपलेली घोडी गडद करडी आहे, मांड्यांवर फिकट चकत्या उठलेली. काकांचा नातू हा फोटो पाहून दरवेळी म्हणतो, ही आपली मैना नाहीच. पण आहे तीच. या रंगाची शिंगरं जन्मतात गडद आणि वर्षागणिक पांढरी होत जातात; आतली कातडी मात्र शेवटपर्यंत काळी राहते. आंघोळ घातली की केस अंगाला चिकटतात आणि मैना पुन्हा थोडी करडी दिसायला लागते. पोट्टं तेव्हा ओरडतं, "आता दिसली फोटोतली!" मानेवर नि खांद्यांवर तांबूस ठिपके आलेत. शेपटीखाली दोन-तीन काळ्या गाठी आहेत. पांढऱ्या पडत जाणाऱ्या घोड्यांना उतारवयात अशा गाठी बहुतेकदा होतातच. डॉक्टर दर खेपेला बोटांनी चाचपून पाहतात आणि "राहू द्या" म्हणतात. पाठ मधे खोल गेली आहे, डोळ्यांच्या वर खड्डे पडलेत, खालचा ओठ सैल लोंबतो. उभी असताना ती तो ओठ हळूहळू हलवत राहते.

तिच्या तोंडाबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण घोड्याचं सगळं आयुष्य तिथंच लिहिलेलं असतं.

आपला दात एकदा पूर्ण आला की तेवढाच. घोड्याचा दात जन्मभर वर सरकत राहतो. तरुण घोड्याच्या दाढेचा मोठा भाग हिरडीच्या आत, जबड्यात साठवलेला असतो. गवत रेताड, चिवट. ते चघळून चघळून दाढ झिजते, आणि झिजेल तेवढी, साधारण वर्षाला दोन-तीन मिलिमीटर, खालून बाहेर येते. हा साठा पंचविशीनंतर संपत येतो. वरच्या जबड्यातल्या पुढच्या दातांपैकी सगळ्यात कडेच्या दातावर दहाव्या वर्षाच्या सुमारास हिरडीपाशी एक तपकिरी रेघ उगवते. पंधराव्या वर्षी ती दाताच्या मध्यापर्यंत येते, विसाव्या वर्षी टोकापर्यंत. मग हिरडीच्या बाजूनं पुसली जायला लागते, आणि तिशीत दिसेनाशी होते. अंदाजच तो, पाच-सहा वर्षांची चूक सहज होते, पण घोड्याच्या बाजारात दलाल ओठ वर करून पाहतात ते हेच. मैनेच्या दातावर त्या रेघेचा एक छोटा तुकडा टोकाशी उरला आहे. काकांनी मला तो दाखवला तेव्हा तिनं मान वर केली नाही, उलट तोंड उघडं धरून उभी राहिली. इतक्या वर्षांत तिच्या तोंडात काकांचाच हात गेलेला.

चार वर्षांपूर्वी गव्हाणीखाली गवताच्या चिंब गुंडाळ्या पडायला लागल्या. मैना गवत तोंडात घ्यायची, बराच वेळ चघळायची आणि तसंच टाकून द्यायची. वाळली की त्या गुंडाळ्या सुतळीच्या तुकड्यांसारख्या दिसायच्या. काकांच्या मुलाला वाटलं, घोडी खाऊनपिऊन नखरे करते आहे. काकूंनी मात्र एक गुंडाळी हातात घेऊन उकलून पाहिली आणि म्हणाल्या, "हिले चावता नाही येऊन राह्यलं." डॉक्टरांनी तोंडात बॅटरी मारून तेच सांगितलं. दोन दाढा गेलेल्या, एकीची कड धारदार होऊन गालाला घासत होती. घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो, त्यामुळं वरच्या दाढांची बाहेरची कड आणि खालच्यांची आतली कड झिजायची राहते आणि तिला धार येते. ती कानशीनं घासून काढली. डॉक्टर तरुण आहेत, इथल्याच सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. १९५८ पासून विदर्भातल्या गावोगावच्या गुरांचे डॉक्टर तिथूनच तयार होत आलेत. ते म्हणाले, गवत तिला आता तोंडाला चाळा म्हणून द्या, पोट भरायला दुसरं काही करा.

ते दुसरं काही काकू करतात. रात्री गव्हाचा चोकर आणि हरभऱ्याचा भरडा भिजत घालायचा. सकाळी त्यात बारीक कापलेला लसूणघास, उकळून गार केलेली मूठभर जवस, थोडं मीठ, आणि कोमट पाणी घालून ते खिरीइतकं पातळ करायचं. काकू त्यात हात घालून गुठळ्या मोडतात, मनगटापर्यंत. गुठळी राहिली तर घशात अडकते, आणि घोड्याला उलटी करता येत नाही. घशात अडकलं काय नि पोटात दुखलं काय, परत वर यायची वाटच नाही. हे काकूंना कुणी शिकवलेलं नाही, पोटदुखीनं एक घोडा गेलेला त्यांनी सासरी आल्या वर्षीच पाहिला होता. दिवसातून चार वेळा असं खाणं. घरात लग्न असो की मयत, चार वेळा. पातेलं रिकामं झालं की मैना ते नाकानं ढकलत भिंतीपर्यंत नेते, मग थांबते. घरात सगळ्यांना तो आवाज माहीत आहे.

गूळ बंद आहे. त्याची गोष्ट पुढं येईल.

तिच्या कामाच्या वर्षांबद्दल मी थोडक्यात लिहीन, कारण ती वर्षं सगळ्याच टांग्याच्या घोड्यांसारखी गेली. स्टेशन ते महाल, इतवारीतली पोती, सकाळी शाळेची पोरं. माझी मुलगीही त्यातच. पाठीमागच्या पाटीवर बसायला मिळावं म्हणून ती पंधरा मिनिटं आधी तयार व्हायची. ऑटो वाढले तशा फेऱ्या घटल्या, मग रविवारी फुटाळा तलावावर मुलांना चक्कर, हंगामात वराती. जनावरांना जुंपण्याचे १९६५ चे केंद्रीय नियम आहेत. त्यांत लिहिलंय की दिवसाला नऊ तासांच्या वर काम नाही, आणि जिथं पारा ३७ अंशांच्या वर जातो तिथं दुपारी बारा ते तीन जुंपायचंच नाही. नागपुरात हा नियम पाळायचा तर मार्चअखेरपासून मृग बरसेपर्यंत रोज दुपारी टांगा सोडायला हवा. काकांनी हे नियम वाचलेले नाहीत, पण उन्हाळ्यात ते बारा ते चार टांगा सोडून गांधीसागर तलावाच्या काठी झाडाखाली बसत. तेवढी कमाई रोज बुडायची. मैनेचे गुडघे आजही नीट वाकतात, त्यात त्या चार तासांचा मोठा हात आहे असं डॉक्टर म्हणतात, आणि माझाही त्यावर पूर्ण विश्वास आहे.

ज्या महालात भोसल्यांच्या पागा होत्या त्याच्या शेजारीच आम्ही राहतो, म्हणून हेही मनात येतं. मराठ्यांच्या घोडदळात बारगिराला घोडा सरकारातून मिळायचा, आणि शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला यायचा. शिलेदाराचा घोडा पडला की त्याचं सगळंच पडलं. म्हणून शिलेदार घोड्याला जपे, कधी कधी लढाईतही जपे. हे जपणं पोटासाठी होतं, म्हणून ते कमी दर्जाचं, असं मला वाटत नाही. काकांनीही मैनेला पोटासाठीच आणलं होतं. प्रश्न एवढाच, की पोटाचा संबंध सुटल्यावर काय.

तो दिवस आला तेव्हा मैना बावीस वर्षांची होती. मुलानं ई-रिक्षा घ्यायचं ठरवलं, पहिल्या हप्त्याला पैसे कमी पडत होते. एक व्यापारी आला. त्यानं ओठ वर करून दात पाहिले, पाय उचलून खूर पाहिले आणि भाव सांगितला. भाव वाईट नव्हता. काकांनी त्याला चहा पाजला, आणि म्हणाले, "माही माय म्हातारी झाली तवा मी इकली का तिले? मंग हिले काऊन इकू?" व्यापारी चहा पिऊन गेला. काकांनी टांगा विकला. अमरावती रोडवरच्या एका ढाब्यानं दारात शोभेला म्हणून घेतला. चाकांना नवा रंग लावून तो तिथं उभा आहे, लोक त्यात बसून फोटो काढतात. ई-रिक्षा आली आणि ती उभी करायला जागा एकच होती, मैनेच्या शेडमध्ये. तेव्हापासून अर्ध्या शेडमध्ये रिक्षा चार्ज होते आणि अर्ध्यात मैना असते. चार्जरचा बारीक लाल दिवा रात्रभर तिच्या पोटावर पडलेला असतो.

नाल काढून टाकले. डांबरी रस्त्यावर धावायचं नाही तर लोखंड कशाला, असं नालबंद म्हणाला. तो कामठीकडून येतो, सहा-सात आठवड्यांनी, खूर तासून जातो. शेवटचे चार नाल काकांच्या ट्रंकेत आहेत. शनीसाठी काळ्या घोड्याचा नाल मागायला लोक अजून काकांचं दार ठोठावतात. काका त्यांना सरळ सांगतात की घोडी काळी नव्हती, आणि हे नाल द्यायचे नाहीत.

उन्हाळा हे नागपूरच्या म्हाताऱ्या जिवांचं मोठं संकट. माणसांचंही तेच. इथं पारा ४५ ला टेकतो आणि काही वर्षी ४७ च्याही पुढं गेला आहे. दोन वर्षांपूर्वी होळी झाली, गुढीपाडवा झाला तरी मैनेचे थंडीतले केस गळेनात. उलट लांब झाले, पोटाखाली कुरळे झाले. खरारा केला की एरवी या दिवसांत बोळभर केस उडायचे, त्या वर्षी काहीच निघेना. हा मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीचा आजार, वयस्क घोड्यांमध्ये बराच आढळणारा. डॉक्टर त्याला कुशिंग म्हणतात. केस गळत नाहीत, पाणी जास्त प्यायलं जातं, स्नायू ओसरतात, आणि सगळ्यात धोक्याचं म्हणजे खुरांच्या आत सूज येऊ शकते. गोड खाल्लं की ती शक्यता वाढते. म्हणून गूळ बंद. मैनेला गूळ बंद झाला त्या दिवशी काकूंनी स्वतःच्या चहातला गूळही बंद केला. याबद्दल त्या कुणाशी बोलल्या नाहीत. मला ते त्यांच्या सुनेनं सांगितलं.

केसांचं काय करायचं हा प्रश्न एका मेंढपाळाच्या कातरीनं सुटला. एप्रिलच्या एका सकाळी उन्हं चढायच्या आत अख्खं घर मैनेभोवती बसलं. मुलगा कातर चालवत होता, काका डोकं धरून होते, सून केस गोणीत भरत होती. मैना मधेच डुलकी घ्यायची. कापून झाल्यावर ती उघडी, हाडकुळी, ठिकठिकाणी पायऱ्या पायऱ्यांनी कातरलेली, आणि खूप हलकी झालेली दिसली. दुपारी नातवानं घरातला जुना कूलर ओढत नेऊन शेडच्या खिडकीत लावला. नवी वाळ्याची ताटी आणली. त्या मे महिन्यात बोळातली दोन म्हातारी माणसंही दुपारी शेडमध्येच खाट टाकून पडायची, कारण सगळ्यात गार जागा तीच होती.

मग तिची झोप. घोडा उभ्यानं झोपतो हे सगळे सांगतात, आणि ते खरंही आहे. पायांतल्या स्नायूबंधांची रचनाच अशी असते की सांधा जागीच अडकतो आणि जोर न लावता उभं राहता येतं. पण गाढ झोप, जिच्यात स्वप्नं पडतात ती, त्यालाही आडवं पडूनच घ्यावी लागते. दिवसाकाठी अर्धा-पाऊण तास पुरतो, पण तो लागतोच. सांधे दुखणारा म्हातारा घोडा खाली बसायला घाबरतो, कारण उठता येईल याचा भरवसा नसतो. मग उभ्या उभ्या झोप अनावर होते आणि पुढचे पाय एकदम दुमडतात. मैनेच्या पुढच्या दोन्ही पायांवर, खुराच्या वरच्या सांध्यापाशी, केस गेलेले दोन डाग काकांना दिसले, खरचटल्यासारखे. कुठं घासतेय हे पाहायला ते एक रात्र शेडमध्ये बसले आणि त्यांनी तिला पडता पडता सावरताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी कन्हानची वाळू आणली, एक ट्रॉली. अर्धी शेड वितभर वाळूनं भरली, वर तणस पसरलं. तरी मैना बसेना. शेवटी काकूंच्या भावानं आपल्या गोठ्यातली एक बकरी आणून बांधली. तिला काम असं काही नव्हतं. पण घोडा कळपातला प्राणी. कुणीतरी जागं आहे असं वाटल्याशिवाय तो निर्धास्त आडवा होत नाही. चौथ्या-पाचव्या रात्री मैना वाळूत पडली, लांब पाय सोडून, आणि घोरली. काकांनी पहाटे येऊन माझ्या खिडकीवर टकटक केलं, "ताई, या न, पाहा, झोपली." आम्ही दोघं शेडच्या दाराशी उभे राहून एका घोडीचं घोरणं ऐकत होतो, आणि काकांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. डाग महिनाभरात भरून आले. बकरी आता कायमची राहिली आहे, दोनदा व्यायली आहे.

इंग्लंडात ओल्ड बिली नावाचा एक घोडा होता. १७६० मध्ये जन्मला आणि १८२२ मध्ये वारला, बासष्ट वर्षांचा होऊन. कालव्याकाठानं माल भरलेल्या नावा ओढायचं त्याचं काम. घोड्याच्या वयाचा इतका मोठा आकडा पुन्हा कुठं नोंदला गेलेला नाही. त्याची कवटी आजही मँचेस्टरच्या संग्रहालयात आहे. नाव, काम, मालक, मृत्यूचं साल, सगळं लिहून ठेवलेलं. राजाचा वा सेनापतीचा नसलेल्या घोड्याची एवढी नोंद कुणीतरी ठेवली, याचं मला फार अप्रूप वाटतं. अमेरिकेत घोडेस्वारांचा एक रिवाज आहे: स्वाराचं वय आणि घोड्याचं वय मिळून शंभर झालं की दोघांनी मैदानात एकदा चाल करून दाखवायची. लोक टाळ्या वाजवतात, रिबीन लावतात. सत्तरी-ऐंशीतले आजी-आजोबा आपल्या पंचविशीतल्या घोड्यावर बसून येतात. हे मी काकांना सांगितलं. काका ७३ वर्षांचे. त्यांनी बोटांवर हिशेब केला आणि म्हणाले, "मंग आमचे तर शंभर होऊन एक वरती झालं जी." त्या संध्याकाळी बोळात जो भेटेल त्याला त्यांनी हे सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मैनेला घेऊन नेहमीप्रमाणे गांधीसागरापर्यंत चालत गेले, दोर सैल, दोघंही थांबत थांबत, आणि पानठेल्यावरच्या पोरांनी खरोखर टाळ्या वाजवल्या.

ती त्यांना ओळखते का, असं विचारणारे भेटतात. ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं आहे की घोडा ओळखीच्या माणसाचा आवाज त्याच्या दिसण्याशी जुळवतो. आमच्या बोळाला यासाठी संशोधन लागत नाही. काकांची सायकल कोपऱ्यावर वळली की मैनेचे कान तिकडे फिरतात, आणि दुसऱ्या कुणाची सायकल वळली की फिरत नाहीत. माझी मुलगी आता पुण्यात असते. मागच्या दिवाळीला ती आली, शेडच्या दारात उभी राहून तिनं शाळेच्या दिवसांत मारायची तशी हाक मारली. मैनेनं मान उचलली आणि नाकातून हलकासा फुरर्र आवाज काढला. मुलगी तिथंच रडायला लागली.

घोड्याचं आपल्यावर आणखीही एक देणं आहे, आणि विदर्भात तर ते कुणी विसरू नये. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारांच्या विषावर आपल्याकडे जी लस सरकारी दवाखान्यात देतात ती घोड्याच्या रक्तापासून बनते. घोड्याला विषाची अगदी थोडी मात्रा टोचत जायचं, त्याच्या रक्तात प्रतिकार तयार होतो, तो वेगळा काढायचा. मुंबईची हाफकिन संस्था हे काम पिढ्यान् पिढ्या करत आली आहे. काकूंच्या ज्या भावानं बकरी दिली, त्याला सोयाबीनच्या वावरात घोणस चावली होती, आणि तो लशीवर वाचला. ती लस कशाची असते हे त्याला डॉक्टरांनी सांगितलं तेव्हापासून तो बहिणीकडे आला की आधी शेडमध्ये जातो. घोडा ज्यांनी जवळून पाहिलेलाही नाही, असे किती शेतकरी, शेतमजूर, त्यांची लेकरं घोड्याच्या रक्तावर उठून बसली असतील! आपल्याकडे बैलाला पोळा आहे, गाईला वसुबारस, नागालाही पंचमी. घोड्याला स्वतःचा सण नाही. दसऱ्याला त्याची पूजा होते ती शस्त्रांबरोबर, अवजारांबरोबर, वाहनांबरोबर, जुंपायची वस्तू म्हणून. जुंपणं सुटलेल्या घोड्याला त्या दिवशीही कुणी ओवाळत नाही. हे बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं.

पुढचं काय, हेही त्या घरात ठरलेलं आहे. मी हे लिहावं की नाही याचा विचार केला. काकाच म्हणाले, लिहा. ज्या दिवशी मैनेला आपल्या पायांनी उठता येणार नाही, किंवा पातेल्याकडे ती पाठ फिरवेल, त्या दिवशी डॉक्टर इंजेक्शन देतील. तिला ओढत, ढकलत, दोरांनी उचलत आठवडे काढायचे नाहीत. उमरेड रोडच्या बाजूला काकांच्या भावाचं वावर आहे, तिथं धुऱ्यावरच्या मोहाखाली जागा धरून ठेवली आहे, आणि जेसीबीवाल्याशी बोलणं झालं आहे. काकूंची एकच अट आहे, की त्या वेळी तिच्या तोंडासमोर गुळाचा अख्खा ढेप ठेवायचा. बोलणं हळू आवाजात झालं, पण झालं. एवढं मोठं जनावर सांभाळणाऱ्यानं हे आधी ठरवलेलं असलंच पाहिजे. न ठरवणाऱ्यांच्या घोड्यांचे हाल मी पाहिले आहेत आणि ते लिहवत नाहीत.

पण मागचा दसरा. नागपुरात दसरा म्हणजे दीक्षाभूमीचाही दिवस. १९५६ च्या धम्मदीक्षेच्या आठवणीनं लाखो माणसं येतात, स्टेशनपासून पायी लोंढे निघतात, आणि ई-रिक्षाला रात्रीपर्यंत उसंत नसते. म्हणून काकांच्या घरची पूजा उजाडायच्या आत. सीताबर्डीच्या बाजारातून आदल्या रात्रीच झेंडू आणून सुनेनं आणि नातीनं हार केले होते, एक रिक्षाला, एक मैनेला, लहानसा बकरीला. मैनेला धुऊन पुसून उभी केली होती. अयाळीत नातीनं लाल फितीच्या वेण्या घातल्या होत्या, वाकड्यातिकड्या, पण अकरा. मी, माझा नवरा, बोळातली दहा-बारा माणसं, काकूंचा भाऊ, सुट्टी नसतानाही आलेले डॉक्टर, सगळे त्या एवढ्याशा शेडमध्ये. काकांनी हळदीकुंकू लावलं ते आधी मैनेला. मुलगा म्हणाला, बाबा, रिक्षा आधी, मला निघायचं आहे. काका म्हणाले, "थांब बे. पह्यले तिचं. तिच्यावरच आली हे रिक्षा." मुलगा थांबला, आणि त्यानंच ताम्हण हातात घेऊन तिला ओवाळलं. काकूंनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी चिमटीनं माप दाखवलं. काकूंनी त्याच्या दुप्पट गूळ मैनेच्या ओठांवर ठेवला, आणि डॉक्टर काही बोलले नाहीत.

मग सगळे आपट्याची पानं द्यायला एकमेकांकडे वळले, आणि तेवढ्यात मैनेनं मान लांब करून रिक्षाच्या आरशावरचा हार ओढला. पोरं ओरडली, बकरी दोर ताणून पुढं आली, फुलं खाली सांडली. मैना शांतपणे झेंडू चघळत राहिली, अर्धे खाली पाडत, अर्धे गिळत. काकूंच्या भावानं टाळ्या पिटल्या. मुलगा कपाळाला हात लावून हसत होता. मग त्यानं उरलेला हार तिच्याच गळ्यात घातला आणि बिनहाराची रिक्षा बोळातून बाहेर काढली. स्टेशनकडे जाताना त्यानं दोनदा हॉर्न वाजवला. नातीनं सुई-दोरा काढून खालची फुलं वेचायला सुरुवात केली होती, आणि काका तिला सांगत होते, "जरा लांब कर यावेळी, दोन्ही बाजूनं खाता आला पाहिजे तिले."